स्लाऊ: डब्यांच्या व्यवसायात पहिली कर्मचारी ठेवतेय. पगार, एनआय, व्हॅट यांचं नीट कोणी सांगेल का?

स्लाऊची_अन्नपूर्णा (प्रश्न, फेब्रुवारी २०२६)

नमस्कार मंडळी,

स्लाऊमध्ये माझा डब्यांचा व्यवसाय आहे. सोल ट्रेडर म्हणून नोंद आहे, कंपनी काढलेली नाही. किचन भाड्याचं आहे, कौन्सिलकडे अन्नव्यवसायाची नोंदणी आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारचे गरम डबे जातात: पोळ्या, भाजी, आमटी, भात. एका डब्याचे ८ पौंड. त्याशिवाय शनिवारी थंड करून सीलबंद केलेल्या भाज्या आणि पुरणपोळ्या, आणि दिवाळीत फराळ. जानेवारीअखेर धरलेल्या बारा महिन्यांची विक्री ८३ हजार पौंड झाली आहे.

आतापर्यंत सगळं मी आणि सुट्टीच्या दिवशी नवरा असं चाललं. आता मनगटं साथ देत नाहीत, आणि नवीन ग्राहकांना नाही म्हणावं लागतंय. आमच्या ओळखीत नाशिककडची एक मुलगी आहे, नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेली. तिच्या हाताला इतकी सुरेख पोळी आहे की मी बघतच राहिले. आठवड्याला २० तास, सकाळी साडेसात ते साडेअकरा, असं आमचं बोलणं झालंय. एप्रिलपासून सुरू करायचं आहे.

इथून पुढे गोंधळ आहे. एक परिचित म्हणतात, "तिला सेल्फ-एम्प्लॉइड दाखव, ती तुला बिल देईल, तू पैसे दे, विषय संपला." दुसरे म्हणतात, एनआय (नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारावरची सरकारी वर्गणी) वाढल्यापासून माणूस ठेवणं परवडतच नाही. तिसरे म्हणतात, विक्री ९० हजारांच्या वर गेली तर व्हॅटमध्ये (विक्रीवरच्या करात) सगळं जाईल, त्यापेक्षा धंदा आहे तेवढाच ठेव. ती मुलगी स्वतः म्हणते, "ताई, रोख दिलेत तरी चालेल." मला मात्र ते मनातून पटत नाही. उद्या तिला काही भाजलं-कापलं तर?

शिवाय "मेकिंग टॅक्स डिजिटल" असं लिहिलेलं पत्र आलंय, ते वेगळंच. माझं २०२४-२५चं रिटर्न ७१ हजारांच्या विक्रीचं होतं, नफा त्याच्या निम्म्याहून कमी.

अनुभवी लोकांनी कृपया आकडे मांडून सांगावं. परवडत नसेल तर तसंही स्पष्ट सांगा.

---

पगारखातं_लेस्टर

ताई, आधी तुमच्या मनाला जे पटलं नाही ते बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करते.

मी लेस्टरमध्ये छोट्या दुकानांचे, बेकऱ्यांचे, केअर होम्सचे पगार करते. २०२० साली आमच्या शहरातल्या शिवणकारखान्यांत बायका तासाला साडेतीन पौंडांवर राबतात अशा बातम्या आल्या होत्या. त्या वर्षी कायद्याने किमान वेतन ८.७२ पौंड होतं. अशी कामं करणाऱ्या बायका नंतर माझ्यासमोर बसून विचारायच्या, "माझ्या नावावर पेन्शनची किती वर्षं लागली आहेत?" आणि नोंद बघितली तर कोरी. ज्याच्याकडे काम केलं त्याने कधी रोख दिलेले, कधी "सेल्फ-एम्प्लॉइड" म्हणून कागद केलेले. म्हणून तुमच्या परिचितांचा सल्ला वाचून मला गप्प बसवेना.

सेल्फ-एम्प्लॉइड कोण हे तुम्ही किंवा ती ठरवत नाही, कामाची रीत ठरवते. ती तुम्ही सांगितलेल्या वेळेला येणार, तुमच्या किचनमध्ये, तुमच्या तव्यावर, तुम्ही सांगाल तेवढ्या पोळ्या करणार, आणि स्वतःच्या जागी बहिणीला पाठवता येणार नाही. ही नोकरी झाली. कागदावर बिल असलं तरी नोकरीच. एचएमआरसीने (इथल्या करखात्याने) उद्या तसं ठरवलं तर तिचा न कापलेला कर, तिचं एनआय आणि तुमचं एनआय, सगळं तुमच्याकडून मागतात. किमान वेतनापेक्षा कमी पडलं असेल तर फरक द्यावाच लागतो, वर त्या फरकाच्या दुपटीपर्यंत दंड, आणि मागची सहा वर्षं उकरता येतात. एचएमआरसीच्या साइटवर सेस्ट नावाची प्रश्नावली आहे, शंका असेल तर ती भरून निकालाची प्रत जपून ठेवा. तुमच्या बाबतीत मला शंका वाटत नाही.

आता आकडे. १ एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला तासाला १२.७१ पौंड. (३१ मार्चपर्यंत १२.२१.) वीस तासांचे आठवड्याला २५४.२० आणि वर्षाचे १३,२१८.४० पौंड. यात तिची रजा आली. वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा हा तिचा हक्क आहे, म्हणजे काम ४६.४ आठवड्यांचं आणि पगार ५२ आठवड्यांचा. प्रत्यक्ष कामाच्या तासावर हिशेब मांडला तर तुम्हाला एक तास १४.२४ पौंडांना पडतो. डब्याची किंमत ठरवताना हा आकडा धरा. बहुतेक जण १२.७१ धरतात आणि ऑगस्टमध्ये माणूस रजेवर गेला की दचकतात.

एनआयचं जे भय तुम्हाला घातलंय ते अर्धवट माहितीवर आहे. एप्रिल २०२५ पासून मालकाचं एनआय १३.८ वरून १५ टक्के झालं आणि ९,१०० पौंडांऐवजी ५,००० पौंडांपासूनच लागू लागलं, हे खरं. तुमच्या हिशेबात ५,००० च्या वरचे ८,२१८.४०, त्याचे १५ टक्के म्हणजे साधारण १,२३३ पौंड. पण त्याच वेळी एम्प्लॉयमेंट अलाउन्स ५,००० वरून १०,५०० पौंड केला. म्हणजे मालकाच्या एनआयचे पहिले १०,५०० पौंड वर्षाला माफ. तुमचे १,२३३ त्यात पूर्ण बुडाले. भरायचे शून्य. अशा पाच-सहा मुली ठेवल्यात तरी शून्यच. फक्त हा अलाउन्स आपोआप मिळत नाही, पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये दर करवर्षाला मागावा लागतो. आणि कोणी "लिमिटेड कंपनी काढ" म्हणालं तर लक्षात ठेवा, ज्या कंपनीत ५,००० पौंडांच्या वर पगार घेणारा एकटा संचालकच असतो तिला तो मिळत नाही. तुम्हाला मिळतो.

तिच्या बाजूने बघा. १२,५७० पर्यंत कर नाही, वरच्या ६४८ पौंडांवर २० टक्के म्हणजे वर्षाला सुमारे १३० पौंड कर. एनआय तिला आठवड्याला २४२ पौंडांच्या वरच्या रकमेवर ८ टक्के, म्हणजे आठवड्याला एक पौंडसुद्धा नाही. आणि त्या एका पौंडात तिच्या नावावर स्टेट पेन्शनचं एक वर्ष लागतं. इथे पेन्शन मिळायलाच किमान दहा वर्षं लागतात, पूर्ण मिळायला साधारण ३५. रोख घेतले तर आठवड्याला साडेतीन पौंड वाचतील आणि वर्ष जाईल. हे तिला समोर बसवून कागदावर मांडून दाखवा. "रोख चालेल" असं म्हणणाऱ्या बहुतेक मुलींना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

पेन्शनचं दुसरं अंग म्हणजे कामाच्या ठिकाणची पेन्शन. २२ ते स्टेट पेन्शनचं वय आणि वर्षाला १०,००० च्या वर पगार असेल तर तिचं नाव घालणं तुमच्यावर बंधनकारक. ६,२४० पौंडांच्या वरच्या पगारावर तुमचे किमान ३ टक्के, तिचे ५ (त्यात करसवलत धरून). तुमचे वर्षाचे सुमारे २०९ पौंड. सरकारने उभी केलेली नेस्ट नावाची योजना आहे, ती कोणत्याही मालकाला नाकारत नाही आणि मालकाकडून फी घेत नाही. ती कामाला लागल्यापासून पाच महिन्यांच्या आत पेन्शन रेग्युलेटरकडे "मी माझं कर्तव्य केलं" असं घोषणापत्र ऑनलाइन भरायचं. हे पत्र लोक सर्वांत जास्त विसरतात. पेन्शनचे पैसे नियमित भरलेले असतात, घोषणापत्र तेवढं नसतं, आणि दंडाची नोटीस येते. ती स्वतः योजनेतून बाहेर पडू शकते, पण "बाहेर पड" असं तुम्ही सुचवायचं नाही. ते कायद्याने मना आहे.

भाजलं-कापलं तर, हा तुमचा प्रश्न. १९६९ च्या कायद्याने मालकाचा दायित्व विमा सक्तीचा आहे, किमान ५० लाख पौंडांचा. नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड. ती पहिल्या दिवशी तव्यापाशी उभी राहण्याआधी तो हातात हवा. तुमचा सध्याचा पब्लिक लायबिलिटी विमा तुमच्या ग्राहकांसाठी आहे, तिच्यासाठी नाही. त्याच कंपनीला फोन करून हा भाग जोडून घेता येतो.

आजारपणाचं या एप्रिलपासून बदलतंय. पूर्वी पहिले तीन दिवस बिनपगारी जायचे. ६ एप्रिल २०२६ पासून आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून सिक पे, आठवड्याला १२३.२५ पौंड किंवा तिच्या सरासरी पगाराच्या ८० टक्के, यांत जे कमी ते. हे सरकार तुम्हाला परत देत नाही, म्हणून थोडे पैसे बाजूला ठेवा. बाळंतपणाच्या रजेचा वैधानिक पगार मात्र छोट्या मालकाला पूर्ण परत मिळतो, वर थोडी भरही मिळते. लग्न झालेली तरुण मुलगी आहे म्हणून ठेवायला कचरणारे मालक मी पाहिलेत. त्यांना हा नियमच माहीत नसतो.

व्हिसा. डिपेंडंटला नोकरी करता येते, पण तुम्ही ते तपासल्याचा पुरावा तुमच्याकडे पाहिजे. ती तुम्हाला शेअर कोड (तिच्या व्हिसाची माहिती उघडणारा सांकेतिक क्रमांक) देईल, तुम्ही सरकारी साइटवर मालकाच्या बाजूने तो आणि तिची जन्मतारीख टाकायची, फोटो तिचाच आहे ना बघायचं, आणि ते पान तारखेसह जपून ठेवायचं. कामाच्या पहिल्या दिवसाच्या आधी. तिने स्वतःच्या मोबाइलवर दाखवलेलं चालत नाही. व्हिसा संपायची तारीख कॅलेंडरमध्ये लिहा, तेव्हा पुन्हा तपासावं लागतं. फेब्रुवारी २०२४ पासून बेकायदा माणूस कामावर सापडला तर पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे.

पगाराची यंत्रणा सोपी आहे. पहिल्या पगाराच्या आधी एचएमआरसीकडे एम्प्लॉयर म्हणून नोंद करा, पण दोन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. म्हणजे आत्ता फेब्रुवारीअखेर योग्य वेळ आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर एचएमआरसीचं स्वतःचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. तिच्याकडून आधीच्या नोकरीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा कराचा कागद), नसेल तर स्टार्टर चेकलिस्ट (नव्या कर्मचाऱ्याने भरायचा माहितीचा फॉर्म) घ्या. पगाराच्या दिवशी किंवा आधी माहिती पाठवायची, पगारपत्रक तिच्या हातात द्यायचं, आणि कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत भरायचे. तुमची रक्कम इतकी लहान आहे की तीन महिन्यांनी एकदा भरायची परवानगी मिळते. पहिल्या दिवशीच कामाच्या अटींचा लेखी कागद द्या: तास, पगार, रजा, जागा.

दोन गोष्टी आपल्या लोकांत फार होतात म्हणून मुद्दाम लिहिते. तुम्ही तिला दुपारी जेवायला घालाल, हे मला न सांगता ठाऊक आहे. घाला. पण ते जेवण पगारात मोजता येत नाही, एक पेनीसुद्धा नाही. आणि साडेअकराला पोळ्या संपल्यावर "जरा ओटा पुसून जा" म्हणालात तर ती वीस मिनिटंसुद्धा पगाराची. ती किमान वेतनावर आहे, त्यामुळे वरची प्रत्येक न मोजलेली मिनिट कायदा मोडते. तासांची वही ठेवा, दोघींच्या सह्या घ्या, सहा वर्षं जपा.

एकूण तिचा खर्च पगार आणि पेन्शन धरून सुमारे १३,४२८ पौंड, वर विमा. ८ पौंडांच्या डब्यात तुम्हाला साहित्य-पॅकिंग जाऊन किती उरतात ते तुम्हीच जाणता. चार पौंड उरत असतील तर वर्षाला सुमारे ३,३६० जादा डबे, कामाच्या दिवसाला साधारण तेरा-चौदा. नाही म्हणावं लागतंय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तेवढे ग्राहक दारात आहेतच. मला परवडताना दिसतंय. पण ही गणितं व्हॅटच्या आधीची. व्हॅटवर हॅरोच्या दादांनी बोलावं, तो त्यांचा प्रांत.

---

स्लाऊची_अन्नपूर्णा

ताई, किती मनापासून लिहिलंत! एनआयचे शून्य पौंड वाचून नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तिला उद्याच घरी बोलावते आणि पेन्शनच्या वर्षाचं सांगते.

आता व्हॅटचं. गरम डब्यांची विक्री वर्षाला साधारण ५५ हजार, थंड डबे आणि फराळ मिळून २८. थंड पदार्थांवर व्हॅट नाही असं ऐकलंय, मग माझे ५५ हजारच मोजायचे ना?

---

हॅरोचा_हिशेबनीस

नाही, ताई, आणि इथेच अनेक जण फसतात. थंड खाद्यपदार्थ "झीरो रेटेड" आहेत. म्हणजे कर लागतो, दर शून्य आहे. त्यामुळे ९० हजारांच्या मर्यादेत ते धरले जातात. तुमचा आकडा ८३ हजारच.

मर्यादा करवर्षाची नसते. दर महिन्याच्या शेवटी मागे वळून सरलेले बारा महिने मोजायचे. ओलांडली तर त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत कळवायचं आणि त्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून व्हॅट सुरू. उदाहरणार्थ ३१ ऑक्टोबरला ओलांडली, ३० नोव्हेंबरपर्यंत कळवा, १ डिसेंबरपासून नोंदणी.

यात फराळवाल्यांसाठी एक खाच आहे, जी इंग्रज अकाउंटंटच्या डोक्यात येत नाही. आपली दिवाळी सरकते. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर २०२६ ला. पुढच्या वर्षी २९ ऑक्टोबर २०२७ ला. आता १ नोव्हेंबर २०२६ ते ३१ ऑक्टोबर २०२७ हे बारा महिने धरा: दोन दिवाळ्या एकाच वर्षात! २०२६ चा फराळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचवलात, २०२७ चा ऑक्टोबरअखेर, दोन्ही एकाच मोजणीत आले. धंदा तेवढाच असून मर्यादा ओलांडेल. अशा वेळी त्याच ३० दिवसांत एचएमआरसीला लिहून, पुढच्या बारा महिन्यांत विक्री ८८ हजारांच्या वर जाणार नाही हे आकड्यांनिशी दाखवलं, तर नोंदणीतून अपवाद मागता येतो. कळवलंच नाही तर अपवाद नाही, आणि मागचा व्हॅट खिशातून.

पण तुम्ही माणूस ठेवताय ते वाढण्यासाठी. तेव्हा मर्यादा ओलांडणारच असं धरून चला. समजा विक्री ९५ हजार, त्यात गरम ६० आणि थंड ३५. गरम डब्यावर २० टक्के, म्हणजे तुमच्या ८ पौंडांतले १.३३ सरकारचे. ६० हजारांतले १० हजार. थंडावर शून्य. तुमचे ग्राहक घरगुती आहेत, त्यांना व्हॅट परत मिळत नाही, त्यामुळे डबा ९.६० चा करा किंवा ते १.३३ स्वतः सोसा. परत मिळवायला तुमच्याकडे फारसं नाही, कारण कणीक, डाळ, भाजी यांवर तुम्ही व्हॅट भरतच नाही. डबे, पिशव्या, गॅस-वीज, उपकरणं यांवरचा तेवढा परत येतो.

कोणी फ्लॅट रेट योजना सुचवेल. केटरिंगचा दर १२.५ टक्के, ऐकायला गोड वाटतो. पण तो एकूण विक्रीवर लागतो, शून्य दराच्या थंड पदार्थांसह. ९५ हजारांचे ११,८७५. साध्या पद्धतीच्या १० हजारांहून जास्त, आणि खर्चावरचाही परत मिळत नाही. तुमच्यासाठी नको.

मी तुमच्या जागी असतो तर गरमचा थंड केला असता. नियम असा की ग्राहकाच्या हाती देताना पदार्थ भोवतालच्या हवेपेक्षा गरम असेल, आणि तो गरम खाण्यासाठी तापवलेला, मागणीनुसार तापवलेला, गरम राखलेला, उष्णता धरणाऱ्या वेष्टनात दिलेला किंवा गरम म्हणून जाहिरात केलेला, यांपैकी एक जरी लागू पडलं तरी २० टक्के. ही पाच कलमं २०१२ साली आली. त्या वर्षीच्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी गरम पेस्टीवर (सारण भरून भाजलेल्या पदार्थावर) कर आणायला घेतला, देशभर ओरड झाली, शेवटी भट्टीतून काढून नुसती निवत ठेवलेली पेस्टी सुटली. तुम्ही भाजी-आमटी पहाटे करून नियमाप्रमाणे झटपट थंड केलीत, फ्रिजमधून थंडच पोचवलीत आणि ग्राहकाने ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तापवली, तर डबा शून्य दराचा. पण हे खरोखर करायचं. "गरमागरम डबा" असं व्हॉट्सॲपवर लिहायचं आणि वहीत थंड दाखवायचं, हे चालणार नाही. ऑफिसात जेवणावळ मांडून वाढणं हे केटरिंग, तिथे थंड असलं तरी २० टक्के.

सगळा धंदा थंड झाला तर उलटी गंमत बघा: नोंदणी केलीत तर विक्रीवर शून्य आणि खर्चावरचा व्हॅट एचएमआरसी तुम्हाला परत देईल. नको असेल तर जवळजवळ सगळी विक्री शून्य दराची आहे म्हणून नोंदणीतून सूट मागता येते. मी असतो तर नोंदणी केली असती.

फराळाचं: लाडू, बर्फी, हलवा, जिलेबी ही नावं एचएमआरसीच्या खाद्यपदार्थांच्या पुस्तिकेत शून्य दराखाली आहेत. बिस्किटावर चॉकलेट लावलं की २० टक्के घेणाऱ्या देशात आपला बेसनाचा लाडू सुटला आहे. खारे किंवा भाजलेले सोललेले शेंगदाणे-काजू, बटाट्याचे वेफर्स, आणि फुलवलेल्या धान्याचे खारे पदार्थ यांवर मात्र २० टक्के. २०२४ मध्ये मिनी पापडांच्या पाकिटांचा खटला लवादापुढे गेला, उत्पादक म्हणाला हा पापड, लवाद म्हणाला यात बटाट्याचे घटक आहेत, हे वेफर्ससारखंच. म्हणून चुरमुऱ्याचा आणि पोह्यांचा चिवडा, दोन्हींची कृती घटकांच्या प्रमाणासकट लिहून एचएमआरसीकडून लेखी उत्तर घ्या.

आणि अर्धा धंदा नवऱ्याच्या नावावर करून दोघांनी मर्यादेखाली राहायचं, हे सुचलं असेल तर सोडून द्या. एकच किचन, एकच ग्राहक, एकच फोन. एचएमआरसी ते एकत्र धरते.

---

नाशिककरीण_रेडिंग

मला त्या मुलीच्या बाजूने दोन शब्द लिहायचे आहेत. मीही अशीच नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. पहिलं काम एका किचनमध्ये मिळालं, पैसे पाकिटात. पाकीट वेळेवर मिळायचं, माणसं वाईट नव्हती. पण नंतर भाड्याचं घर माझ्या नावावर घ्यायला गेले तर तीन महिन्यांची पगारपत्रकं मागितली, पुढच्या नोकरीसाठी आधीच्या मालकाचं पत्र मागितलं. मी या देशात काम केलंय हे सिद्ध करायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. इंजिनिअरिंग केलेली मुलगी, आणि दोन वर्षं मी घरी बसले होते असं अर्जात लिहावं लागलं.

तुम्ही तिला पगारपत्रक द्याल तेव्हा त्यावरचा प्रत्येक रकाना एकदा समजावून सांगा. टॅक्स कोड १२५७ एल (म्हणजे १२,५७० पर्यंत करमाफी) आहे ना तेही तिला बघायला शिकवा. एनआय नंबर नसेल तर तो यायच्या आधीही काम सुरू करता येतं, अर्ज केलेला असला म्हणजे झालं. त्यासाठी तिची एप्रिलची सुरुवात लांबवू नका.

---

स्लाऊची_अन्नपूर्णा

तुमचं वाचून डोळे भरून आले. तिला कागदावरच घेणार, हे आता पक्कं.

थंड डब्याचा विचार आम्ही दोघं गांभीर्याने करतोय. निम्मे ग्राहक ऑफिसात मायक्रोवेव्ह वापरतातच. पोळीचं काय करायचं तेवढं बघावं लागेल. राहिलं ते डिजिटलचं पत्र. ते पगाराशी जोडलेलं आहे का?

---

हॅरोचा_हिशेबनीस

नाही, ते तुमच्या स्वतःच्या आयकराचं आहे. ६ एप्रिल २०२६ पासून ज्यांची धंद्याची आणि घरभाड्याची मिळून विक्री २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये ५० हजारांच्या वर होती त्यांना लागू. विक्री बघतात, नफा नाही, म्हणून ७१ हजारांवर तुम्ही आलात. पुढच्या वर्षी ही रेषा ३० हजारांवर आणि २०२८ मध्ये २० हजारांवर उतरेल.

मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरमध्ये जमा-खर्च ठेवायचा आणि दर तिमाहीला गोषवारा पाठवायचा. पहिला ७ ऑगस्ट २०२६ पर्यंत, मग ७ नोव्हेंबर, ७ फेब्रुवारी, ७ मे. नोव्हेंबरची तारीख यंदा बरोबर दिवाळीच्या आदल्या दिवशी येते, तेव्हा फराळ सुरू होण्याआधी ऑक्टोबरमध्येच पाठवून मोकळ्या व्हा. पहिल्या वर्षी तिमाही गोषवाऱ्याला उशीर झाला तर दंडाचे गुण (जे साठले की दंड होतो) लागणार नाहीत, पण वार्षिक रिटर्नला ती सवलत नाही. कर भरायच्या तारखा बदललेल्या नाहीत, ३१ जानेवारी आणि ३१ जुलैच. आणि २०२५-२६ चं रिटर्न अजून जुन्याच पद्धतीने, ३१ जानेवारी २०२७ पर्यंत.

सॉफ्टवेअर निवडताना पुढे व्हॅटही त्यातच करता येईल असं घ्या, आणि गरम व थंड विक्रीचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

---

पगारखातं_लेस्टर

पोळीबद्दल राहवत नाही म्हणून लिहिते. आमच्या इथली एक ग्राहक पोळ्या पूर्ण निववून, बटर पेपर मधे घालून सीलबंद देते. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, कणकेत थोडं तेल आणि कोमट दूध घालते म्हणे. तुमच्या नाशिकच्या मुलीला विचारा, तिला याहून चांगलं माहीत असेल. आणि तो प्रयोग करायला ती एप्रिलच्या आधी एक-दोन सकाळी आली, तर त्या तासांचाही पगार लावा. शेअर कोड आणि विमा त्या सकाळच्या आधी.